होडीतला तिसरा स्वीच

४ मार्च

मामा,

पत्र बघून मामी म्हणेल, ही पोरगी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते आणि पत्रं कसली लिहिते! तिला सांग, तुझ्या नवऱ्याला फोन केला की तो तीनदा "काय?" म्हणतो आणि चौथ्यांदा "बरं बरं, आनंद आहे" म्हणून ठेवून देतो. मागच्या आठवड्यात मी "आईची बोटं आखडायला लागलीत" असं ओरडून सांगितलं, त्यावर तुझं उत्तर आलं, "वा वा, छान!" कानाचं यंत्र कपाटात ठेवून ऐकू येत नाही, मामा.

आईला पक्षाघाताचा झटका आला त्याला आता दोन महिने झाले. तू बघून गेलास तेव्हापेक्षा बरी आहे. चालते, बोलते, आम्हाला बोलही लावते. फक्त उजवा हात मागे राहिलाय. घरी फिजिओ येते, ती म्हणते पहिले काही महिने हात भराभर शिकतो, नंतर फार सावकाश, म्हणून आत्ता आळस नको. इकडे दुकानात तिघी शिवायला आहेत, पण कापड बेतायचं आणि कापायचं ते कायम आईनेच. त्या तिघी कात्री लावायला घाबरतात आणि आई खुर्चीवरून "तिथे नाही गं, दोन बोटं खाली!" असं ओरडत असते. कात्री परत हातात आली नाही तर ही बाई खुर्चीवर बसून झिजेल, मला तीच भीती आहे.

फिजिओने हाताच्या व्यायामासाठी टॅबवर एक खेळ दिला. फुगे फोडायचे. फुगा फुटला की टाळ्या. नाही फुटला तरी टाळ्या. आईने दोन दिवस सहन केलं आणि टॅब उलटा ठेवून दिला. म्हणाली, "मी काय आज पहिलं पाऊल टाकलंय, टाळ्या वाजवायला? त्यापेक्षा आमच्या धाकट्याच्या, तुझ्या मामाच्या, पार्लरमधली होडी बरी. ती मारायची तरी."

मामा, मी उडालेच! गेली बारा वर्षं मी गेम बनवते. कामाबद्दल घरी काही सांगायला गेले की ही "हो का" म्हणते आणि बटणं निवडत बसते. आणि ही बाई पार्लरमध्ये व्हिडिओ गेम खेळायची? चार लोकांत उभी राहून?

मला ती होडी तिच्यासाठी बनवायची आहे. सगळं सांग. वेग किती, होड्या किती, मेल्यावर काय व्हायचं. आणि तिने खेळणं सोडलं का? मी झाले म्हणून तर नाही ना? असेल तर सांगून टाक, मी रडणार नाही.

तुझी ठकू


११ मार्च

ठकू,

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. "वा वा, छान"ला ती इतकी हसली की ठसका लागला. कानाचं यंत्र कपाटातून काढलं आहे. सध्या टेबलावर आहे.

आता होडी. मशीनवर काहीतरी परदेशी नाव होतं, कुणाला वाचता यायचं नाही. पडद्यावर होडी दिसायची म्हणून होडी. सायकलच्या दुकानामागे एक लांबट खोली होती, खिडकी नाही, आत अकरा मशीन. मालक दारात बसायचा आणि मी मशीनच्या पोटात. मी एकोणीस वर्षांचा मिस्त्री. अकरा मशीन एकदम कोकलायची. माझे कान तिथेच गेले, आणि खरं सांगू, तेव्हा तो आवाज मला फार आवडायचा.

खेळ असा. नदी वरून खाली येते, तुझी होडी खाली. डाव्या हाताने स्टिक, होडी इकडेतिकडे. उजव्या हाताने बटण, दाबलं की होडी उडी मारते. ओंडके, खडक, भोवरे. एक घाट पार केला की वेग वाढतो. होड्या तीन. तिन्ही बुडल्या की खेळ संपला, परत नाणं टाक आणि परत पहिल्या घाटापासून. कालचं काही शिल्लक राहायचं नाही. मशीनला दयामाया नव्हती. पण लबाडीही नव्हती. पहिल्या घाटाचा ओंडका आठ मोजले की यायचा, म्हणजे यायचाच. ताई मोजायची. तिचे ओठ हलताना दिसायचे.

ती शिवणाच्या क्लासवरून थेट यायची. बोटांना खडू लागलेला असायचा, त्यामुळे होडीचं बटण पांढरं व्हायचं. बावीस वर्षांची होती. पार्लरमध्ये दुसरी बाई शोधून सापडली नसती. आधी पोरं तिला खिजवायची, मग महिनाभराने तीच पोरं मागे गुपचूप उभी राहून बघायला लागली.

सोडलं का? तुझ्यामुळे मुळीच नाही, तू तेव्हा कुठे होतीस! तुझे बाबाही नव्हते. एका रविवारी मालकाने स्पर्धा ठेवली, ताई जिंकली, तिचा आकडा सगळ्यात वर लागला. त्यानंतर ती आली नाही. मन भरलं असेल. ते जाऊ दे.

पार्लर मोडलं तेव्हा होडीचा पुढचा पत्रा, म्हणजे स्टिक आणि बटण बसवलेला, मी उचलून आणला होता. मामीने त्यावर कुंडी ठेवली होती. कुंडी हलवली, पार्सल करतो आहे. एक लक्षात घे, स्टिक सोडली की होडी गेली, त्यामुळे डावा हात उजव्याच्या मदतीला धावू शकत नाही. फिजिओला दाखव, तिला आवडेल.

आता माझी पाळी. तू तिथे नेमकं करतेस काय? तुमच्या कंपनीचा तो बेटावर गाव वसवायचा खेळ मोबाइलवर घेतला आहे. चार दिवस खेळतोय, अजून एकदाही मेलो नाही. माझं काही चुकतंय का?

मामा


२६ मार्च

मामा,

काही चुकत नाहीये. त्या खेळात मरताच येत नाही.

माझं काम सांगायचं तर, माणसं खेळ कुठे सोडून जातात ते मी बघते. आकडे येतात, बाराव्या पुलापाशी इतके लोक गेले, ते परत आलेच नाहीत. मग मी बारावा पूल सोपा करते. तुझ्या मशीनला माणूस तीन मिनिटांत बाहेर हवा होता, कारण मागे रांग होती. मला तो कधीच बाहेर जायला नको असतो. तुझं मशीन नाणी मागायचं, माझा खेळ दिवस मागतो. त्यामुळे फार दयामायेच्या गप्पा दोघांनीही मारायच्या नाहीत. पण मला एक खरंच कळत नाही. ज्यांना तीन मिनिटांत मारून हाकलून दिलं, ती माणसं दुसऱ्या दिवशी परत का यायची? आमच्याकडे दोनदा हरलं की लोक गेमच काढून टाकतात.

पार्सल मिळालं. पत्र्याला अजून मातीचा वास आहे. नऊ दिवस ऑफिसनंतर बसून होडी बनवली आणि पत्रा जेवायच्या टेबलाला स्क्रूने घट्ट बसवला. आईने तो बघितला. पदराने पुसला. डावा हात स्टिकवर ठेवला, मग त्याच हाताने उजवा हात उचलून बटणावर ठेवला आणि परत स्टिक धरली. पहिल्या दिवशी बोट दाबेना, अख्खा खांदा घालून दाबत होती. पाचव्या दिवशी एकटी तर्जनी दाबायला लागली. फिजिओने आनंदाने टाळी वाजवली, तेव्हा आईने तिच्याकडे असं बघितलं की बिचारीने हात मागे घेतले.

तुला म्हणून एक गंमत सांगते. सुरुवातीला ती इतकी मरत होती की मला बघवेना. म्हणून मी आत एक उशी घातली आहे. तिन्ही होड्या फार लवकर बुडल्या की पुढच्या खेळात ओंडके जरा सावकाश येतात. दिसत नाही, कळत नाही. आमच्याकडे सगळेच करतात, त्याशिवाय गेम बाहेर जातच नाही. आई आता तिसऱ्या घाटापर्यंत पोचते आणि खुशीत असते. सांगू नकोस हं.

ठकू


२ एप्रिल

ठकू,

माझ्या बेटावर आता चोवीस घरं, एक दीपगृह आणि न संपणाऱ्या बकऱ्या आहेत. परवा मी मुद्दाम पूल अर्धवट सोडून माणसं त्यावर चालवली. सगळी पाण्यात पडली, पोहत काठाला आली आणि खेळ मला म्हणाला, "छान प्रयत्न!" अरे, माणसं बुडवली मी! छान काय त्यात?

पण खोटं कशाला बोलू, एक गोष्ट मला भारी वाटली. 'निळी मांजर' नावाचं कुणीतरी मला रोज लाकूड पाठवतं. कोण आहे, बाई की बाप्या, कुठल्या देशात, काही पत्ता नाही. मीही मासे पाठवतो. आमच्या वेळी मागे उभे राहणारे शिव्या घालायचे. मध्ये मांजर दोन दिवस आली नाही तर मी मामीला म्हटलं, बरं नसेल का गं तिला? मामी म्हणाली, सख्ख्या बहिणीला फोन करताना ही काळजी कुठे जाते?

तू विचारलंस, लोक परत का यायचे. दुरुस्तीला आलेला पंप खोलत असताना मी दोन दिवस त्याचाच विचार केला. मला वाटतं, कशाने मेलो ते कळायचं म्हणून. ओंडका डावीकडून आला, उजवीकडे जायला हवं होतं, मी गेलो नाही. चूक माझी. स्वतःची चूक माणसाला जेवतानाही आठवते. मग दुसऱ्या दिवशी तो ती दुरुस्त करायला येतो.

आता नीट वाच. ती उशी काढ. आज, हे पत्र खाली ठेवायच्या आधी. का ते विचारू नकोस. ताईला आठ मोजता येतात एवढं सांगतो.

मामा


९ एप्रिल

मामा,

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच बोंब झाली.

आई खेळत होती, मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होते. तिचे ओठ हलत होते. मध्येच थांबली. मग मुद्दाम तिन्ही होड्या बुडवल्या, पुन्हा सुरू केलं, हात मांडीवर ठेवले आणि मोठ्याने मोजायला लागली. "सहा, सात, आठ, नऊ, दहा." दहाला ओंडका आला. माझ्याकडे वळून म्हणाली, "किती दिवस चाललंय हे?"

मी म्हटलं, अगं, तुझ्याच भल्यासाठी. एवढं म्हणायला नको होतं. तिने दुकानातलं अस्तराचं कापड आणून सगळं टेबल झाकून टाकलं. त्याला सहा दिवस झाले. होडी बंद, चेंडू दाबणं बंद, कपड्यांचे चिमटे लावायचा व्यायाम बंद. फिजिओला दारातूनच परत पाठवते. काल ती झोपलेली असताना हात बघितला, बोटं परत आत वळायला लागलीत. मामा, मला फार भीती वाटते आहे. जे तीन महिन्यांत कमावलं ते माझ्या एका शहाणपणापायी जाणार.

मी उशी काढली. तिच्यासमोर काढली, शपथ घेतली. म्हणते, "आता मी नीट खेळले तरी मला कसं कळणार, मी खेळले की तू खेळवलंस?" 

आणि जाताजाता म्हणाली, "तू मामावरच गेलीस." इतकी वर्षं तिने हे वाक्य कौतुकाने म्हटलंय. या वेळी नाही. त्यामुळे "का ते विचारू नकोस" आता चालणार नाही. त्या रविवारी काय झालं होतं?

ठकू


१५ एप्रिल

ठकू,

हे वाच आणि फाडून टाक. ताईच्या हाती लागलं तर माझं काही खरं नाही. अडतीस वर्षांत मामीलासुद्धा सांगितलेलं नाही.

मशीनचं मागचं फळकूट काढलं की आत सर्किटची पाटी दिसायची. तिच्यावर आठ बारीक स्वीच, तांदळाच्या दाण्याएवढे. होड्या किती द्यायच्या, आवाज किती, सगळं तिथे ठरायचं. तिसरा स्वीच वेगाचा. खेळणाऱ्यांना त्यांचा पत्ताच नसायचा. बाकीच्या मशीनचे स्वीच मी मालकाच्या सांगण्यावरून खालीवर करायचो, रांग वाढली की अवघड, दुपारी सामसूम असली की सोपं. होडीला मात्र कधी हात लावला नव्हता. ती ताई खेळायची म्हणून.

त्या रविवारी शेवटी चौघं उरले, तीन बाप्ये आणि ताई. एका बस कंडक्टरने अठरा हजार दोनशे केले होते. ताईची पाळी शेवटी. आत पाय ठेवायला जागा नव्हती. ती उभी राहिली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, शिलाई मशीन पलीकडच्या गल्लीत आहे!" सगळे हसले. मला तिची मान दिसत होती, लालबुंद झाली होती. पहिली होडी तिने अर्ध्या मिनिटात घालवली. लगेच दुसरी. मला बघवेना गं. "नाणं अडकलंय" असं ओरडून मी मागे गेलो, फळकूट सरकवलं आणि नखाने तिसरा स्वीच खाली केला.

उरलेल्या एका होडीवर ती एकवीस हजार चारशेपर्यंत गेली. लोकांनी पार्लर डोक्यावर घेतलं. कंडक्टरने स्वतः टाळ्या वाजवल्या.

आणखी एक. त्या मशीनला आठवण नव्हती. बंद केलं की सगळे आकडे पुसून जायचे. ताईचं नाव वर राहावं म्हणून मी होडी बंदच केली नाही. मालक विजेच्या बिलावरून ओरडायचा, मी थाप मारायचो की बंद केली तर परत सुरू होणार नाही. सात आठवडे ती सलग चालू होती. वाटायचं, आज येईल, उद्या येईल, आपलं नाव बघेल. आली नाही. मग एका दुपारी वीज गेली.

मी समजत होतो, जिंकून तिचं मन भरलं. आता तुझं पत्र वाचल्यापासून तो रविवार परत परत आठवून बघतोय. तिला तेव्हाच कळलं होतं का? विचारू नकोस तिला. किंवा विचार. 

मामा


२२ एप्रिल

धाकट्या,

मी सांगते आहे आणि ही लिहिते आहे. (मामा, मी ठकू. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही अशी तंबी आहे.)

तुझं पत्र मी फोडलं. पाकिटावर हिचं नाव असलं तरी अक्षर तुझं होतं, आणि तुझी पत्रं मी तू शाळेत असल्यापासून फोडत आले आहे. डाव्या हाताने आणि दातांनी फोडलं. (पाकिटाची अवस्था मी बघितली आहे.) हे लिहायला मी सांगितलं नव्हतं.

तर ऐक. कळलं होतं. तिथल्या तिथे कळलं होतं. मला पाठ असलेल्या वेगाने चालणारी नदी एकदम सुस्तावली. आधी वाटलं, माझंच मोजायचं चुकलं. परत मोजलं. मग मशीनच्या खालून मागे तुझे पाय दिसले. अंगठा तुटलेली ती चप्पल तुझ्याशिवाय कोण घालणार?

मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. लोक ओरडत होते आणि मला ते गोड लागत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नंतर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तो कंडक्टर हसून "मानलं बाई" म्हणाला, आणि मला त्याच्याकडे वर बघता येईना. घरी येऊन जेवले नाही. आपली आई म्हणाली, गर्दीने डोकं चढलं असेल.

सात आठवडे मशीन चालू ठेवलंस, हे मला आत्ता कळलं. वेडा कुठला. मी त्या रस्त्याने जायचं टाळायचे. आत माझं नाव लागलेलं असेल म्हणूनच टाळायचे.

तुझा हेतू वाईट नव्हता, तेवढं मला समजतं. पण धाकट्या, मी हरले असते ना, तर दुसऱ्या दिवशी आले असते. त्या कंडक्टरला आठवड्यात गाठलं असतं. आठवड्यात नाही तर महिन्यात. तू मला हरू दिलं असतंस तर मी खेळत राहिले असते. मला फार आवडायचं रे ते. फार आवडायचं.

आता हात असा झाल्यापासून सगळे तेच करतात. ताट पुढे सरकवतात, बटणं लावून देतात. दुकानातल्या तिघी मी चुकीचं माप सांगितलं तरी "बरोबर आहे, काकू" म्हणतात. आणि ही पोरगी तर... (मामा, इथे ती थांबली आहे आणि माझ्याकडे बघते आहे. मी लिहिते आहे.) हिने खेळातसुद्धा उशी घातली. हात किती गेलाय आणि किती उरलाय, ते मला कळायला नको?

म्हणून ठरवलंय. उद्यापासून मी खेळणार, उशी नाही काही नाही. ही समोर बसणार आणि मला मरताना बघणार. तोंडाने चुकचुकायचं नाही, खुर्ची पुढे ओढायची नाही. रोज आधी मी हात मांडीवर ठेवून ओंडका मोजणार, आठाला आला तरच खेळणार. आणि तुला शिक्षा अशी की तू तिथे बसून वाट बघायची. कसं चाललंय म्हणून पत्र टाकून विचारायचं नाही.

ताई


२८ एप्रिल

ताई,

मी काही विचारत नाहीये, म्हणजे शिक्षा मोडत नाहीये. फक्त सांगतो.

चुकलो. हे तेव्हा म्हणायला हवं होतं. तू म्हणतेस माझा हेतू वाईट नव्हता. चांगलाही नव्हता गं. तू हरशील म्हणून मी स्वीच पाडला नाही. तू हरलेली मला बघवणार नाही म्हणून पाडला. माझं मला सोपं केलं आणि नाव तुझं पुढे केलं. पत्र वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही. ठकूच्या मामीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मलाही पत्त्यांत तुम्ही मुद्दाम जिंकू देता की काय?" मी म्हटलं, नाही. ते खरं आहे, ती आपली आपण जिंकते.

वाट बघतो आहे.

धाकटा


१४ मे

मामा,

तीन आठवडे तू एकदाही "कसं चाललंय" विचारलं नाहीस, याची आईने दखल घेतली आहे. म्हणाली, "सुधारला." आता सांगायची परवानगी आहे.

पहिल्या दिवशी आई अकरा वेळा मेली. एकदाही पहिल्या घाटाला पोचली नाही. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते, कारण सुरुवातीलाच माझा हात आपोआप बटणाकडे गेला आणि तिने स्टिक सोडून मला फटका मारला. त्यात होडी बुडली, तीही माझ्याच नावावर. मामा, गेली बारा वर्षं मी आकडे बघते, इतके हरले, इतके गेले. समोर बसून कुणाला हरताना बघण्याची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. आठव्या वेळेला तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. ती म्हणाली, "रडायचं असेल तर आत जा." मी गेले नाही.

अकराव्यानंतर ती उठली. मला वाटलं, संपलं. उद्या ही या टेबलाकडे फिरकणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होते, तर बाहेरून स्टिकचा खडखडाट! तशीच ब्रश तोंडात धरून धावले. ती मोजत होती. मला बघून म्हणाली, "खडकाच्या आधीच बटण दाबायला हवं. बोटाला पोचायला वेळ लागतो, तेवढं आधी." तेव्हापासून एक दिवस चुकलेला नाही. फिजिओला परत बोलावलं आहे. बोटं आता उघडतात. कात्री अजून पेलत नाही. फिजिओ म्हणाली, पेलेल असं मी वचन देत नाही. मला वाटलं, आता आई तिला हाकलणार. तर हिने तिला बसवून चहा पाजला.

ऑफिसमध्ये मी थोडा उपद्व्याप केला. बाराव्या पुलाखालची उशी थोड्या लोकांपुरती काढून बघितली. बरेच सोडून गेले, साहेब उखडले. पण जे राहिले ते पंधरा-पंधरा वेळा परत आले. त्यातल्या एकाने लिहून पाठवलं, "हा पूल मला आता पाठ आहे." साहेबांनी उशी परत घालायला लावली. मी घातली, फक्त आधी आम्ही न विचारता घालायचो, आता पुलापाशी खेळाडूला विचारतो, मदत हवी का? बरेच जण हो म्हणतात. नाही म्हणणारे किती असतील याचा मला अंदाजच नव्हता. तू नाही म्हणशील, मला माहीत आहे, पण तुझ्या मांजरीला विचार.

सोबत चिठ्ठी आहे, ती आईची. उजव्या हाताने लिहिली आहे. चाळीस मिनिटं लागली. पेन तीनदा पडलं, तिन्ही वेळा तिनेच उचललं. मी पलीकडे बसून भिंतीकडे बघत होते. काय लिहिलंय ते मला दाखवलं नाही, घडीही तिनेच घातली. अक्षर लागलं नाही तर मला विचारू नकोस.

ठकू


धाकट्या
आज तीन हजार दोनशे दहा
तुझ्या एकवीस हजारांच्या पासंगालाही नाही
पण हे माझे
बोटं भरून आली
बाकी उद्या
ताई